सरासरीचा पाऊस आणि पिकाचा पाऊस



अमेरिकेतल्या शेतीचा विषय निघाला की आपल्याकडे ठरलेले उत्तर मिळते, ‘तिथला पाऊसच वेगळा.’ म्हणून आज आम्ही तिथल्या एका जिल्ह्याचे हवामान तुमच्यापुढे मांडतो. आयोवा राज्यातला हा बेंटन जिल्हा. सगळा मका-सोयाबीनचा मुलूख, आणि मका तिथेही पावसावरच येतो. वर्षाचा पाऊस किती? सुमारे 900 मिलिमीटर. आपल्या यवतमाळात पडतो साधारण तेवढाच!

मग फरक कुठे आहे? आपला बहुतेक पाऊस मृगापासून चार महिन्यांत आटोपतो. तिथे बाराही महिने थोडाफार पडतो. हिवाळ्यात पारा शून्याखाली जातो, जमीन गोठते, वर बर्फ साचते. ते वितळल्यावर खोल काळी जमीन ओलावा धरून ठेवते. एप्रिल-मेमध्ये पेरणी होते आणि मे-जूनमध्ये सर्वांत जास्त पाऊस येतो. सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरात पुन्हा हिमकडाका. पाच महिन्यांत पीक पदरात पडले पाहिजे.

पण निसर्ग तिथल्या शेतकऱ्यालाही सोडत नाही. जून 2008 मध्ये सीडर नदीचे पाणी व्हिंटन गावात शिरले. 10 ऑगस्ट 2020 रोजी वादळ आले. या जिल्ह्यातल्या अ‍ॅटकिन्सजवळ वाऱ्याचा वेग ताशी 200 किलोमीटर मोजला गेला. उभा मका आडवा झाला.

आपण लक्षात ठेवायचे ते मात्र 2012 साल. मक्याला तुरा येण्याच्या वेळीच पावसाने ताण दिला. आयोवाचा एकरी सरासरी उतारा आदल्या वर्षी सुमारे 44 क्विंटल होता, तो 35 वर आला. कणसात दाणाच भरला नाही, तर मागून येणारा पाऊस काय करणार?

आपल्या पऱ्हाटीचे आणि ज्वारीचे हेच आहे. ऐन फुलोऱ्यात वीस दिवस उघाड पडते, पात्या-फुले गळतात. मग एका रात्री धो धो कोसळतो आणि कागदावर सरासरी भरते. ‘पाऊस तर पुरेसा झाला,’ असे आपल्यालाच ऐकवले जाते. पीक सरासरीवर वाढत नाही, वेळेवरच्या पाण्यावर वाढते.

अमेरिकेत 1890 पासून गावोगावचे साधे नागरिक, त्यांत शेतकरीही, रोजचा पाऊस स्वतः मोजून लिहून ठेवतात. आपल्याकडे आकडा महसूल मंडळाच्या यंत्राचा. पाऊस तर नाल्याच्या अलीकडे पडतो आणि पलीकडे पडत नाही!

म्हणून आमचे सांगणे एवढेच. प्रत्येक गावात एक पर्जन्यमापक बसवा. रोज सकाळी साडेआठला मोजा आणि वहीत लिहा. किती पडला, किती दिवस उघाड होती, तेव्हा पीक कोणत्या अवस्थेत होते, सगळे लिहा. पुढल्या बैठकीला येताना ती वही सोबत आणा. तक्रार तोंडी केली तर ती हवेत विरते. तारखेनिशी मांडलेल्या हिशेबाला उत्तर द्यावे लागते.