निवृत्तिवेतनाचा निधी : निवड आणि बदल



पालघर-बोईसरकडे रेल्वेत, टपालखात्यात आपली तरुण मंडळी नोकरीस आहेत. १ जानेवारी २००४ पासून केंद्रीय सेवेत आलेल्यांसाठी राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना सुरू झाली. २०१९ मध्ये तीत निधी व गुंतवणुकीची रीत स्वतः निवडण्याची, पुढे बदलण्याचीही मुभा मिळाली. एका रीतीत वयाच्या ३५ व्या वर्षापर्यंत निम्मी रक्कम शेअरांत असते; ५५ व्या वर्षी ती आपोआप १० टक्क्यांवर येते.

मार्च २०२० मध्ये मुंबई शेअरबाजाराचा निर्देशांक २६,००० च्या खाली गेला. वर्षअखेर तो ४७,००० वर होता. भीतीने मध्येच शेअरांतून निघणाऱ्याचा तोटा मात्र कायम झाला. म्हणून आम्ही विनवितो : निवड वय पाहून करावी, बदल बाजारगप्पा ऐकून करू नये.