मोरीच्या पाण्यावरचं रान
(युवक शिबिरात केलेलं भाषण)



मघाशी जिन्यात एकजण म्हणाला, 'काका, भाजीवर काय बोलणार? हे बंगलेवाल्यांचे चोचले.' बरोबर आहे त्याचं. बाल्कनीत चार टोमॅटो लावायचे, फोटो काढायचा आणि खाली बाईला बारा रुपयांच्या मेथीसाठी दहा मिनिटं घासाघीस करून रडवायचं, असले लोक मीही बघितलेत. त्यांच्यावर बोलायला मी आलो नाही. मी माझ्या आयच्या परसावर बोलणार आहे.

आमचं गाव तेव्हाच्या नगर जिल्ह्यातलं. नाव सांगत नाही. तुमच्याही गावाचं तेच नाव आहे. महारवाडा खालच्या अंगाला. घर म्हणजे चार हात रुंद, वर पाचटाचं छप्पर. घरामागं आणि पांदीच्यामध्ये जेवढी जागा उरली, तेवढं आमचं रान. वतनाची जमीन होती म्हणतात. ती सात भावांत वाटून आणि सावकाराकडं पडून कागदावर उरलेली. त्या वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ सालीच मुंबईच्या कौन्सिलात बिल मांडलं होतं. ते वतन गेलं १९५८ च्या कायद्यानं. तोवर आमची तीन पिढ्यांची राबणूक त्या तुकड्याच्या मोबदल्यात फुकट गेली होती. मग दादासाहेब गायकवाडांनी १९५९ ला आणि पुन्हा १९६४-६५ ला भूमिहीनांचे सत्याग्रह केले. आमचा बा त्यात तुरुंगात जाऊन आला. येताना जमीन नाही आणली, पण ताठ मान आणली. जमिनीचं काय झालं ते विचारू नका.

तर परस. त्याला पाणी कुठलं? गावच्या आडावर आम्हाला चढू देत नव्हते. वरून कुणी ओतलं तर घागर भरायची. ते पाणी प्यायला पुरत नाही, झाडाला कोण घालणार? आयनं न्हाणीच्या दगडापासून बोटभर चर काढला. आंघोळीचं, भांड्याचं, ज्वारी धुतल्याचं पाणी त्या चरातून परसात जायचं. सगळा मळा त्या मोरीच्या पाण्यावर. चराच्या तोंडाशी अळू, कारण त्याला ओल लागते. पुढं मिरची-वांगी. सगळ्यात लांब अंबाडी, तिला पाण्याची फार ओढ नसते. दोडका आणि डांगर छपरावर. घेवडा कुंपणावर. मावा पडला की चुलीची राख पहाटेच्या दवावर भुरभुरायची. बियाणं विकत आणल्याचं मला आठवत नाही. पहिला चांगला दोडका वेलावरच वाळवायचा आणि बी राखेत घोळून गाडग्यात ठेवायचं. 'पहिलं फळ खाणारा पुढच्या साली भीक मागतो,' असं आय म्हणायची आणि आम्हा पोरांचे हात झाडावरून हाणायची.

आता एक गोष्ट सांगतो. आमच्या हातची भाजी बाजारात विकली जात नव्हती. कुणी पिकवली हे कळलं की गिऱ्हाईक पुढं सरकायचं. पण पाटलाचा गडी सणाच्या आदल्या दिवशी यायचा, आमच्या छपरावर काठी घालून कोवळे दोडके पाडायचा आणि घेऊन जायचा. विकत घेतली तर विटाळ, फुकट नेली तर विटाळ नाही! मी आयला विचारलं, आपला दोडका त्यांच्या चुलीवर चालतो कसा? ती म्हणाली, 'फोडणीत जात जळती, बाबा.' आणि हसली. मला आजही ते हसू समजलेलं नाही.

१९७२ चा दुष्काळ आला. चर कोरडा पडला. त्याच साली परभणी जिल्ह्यात ब्राह्मणगावला विहिरीच्या पाण्यावरून आपल्या बायांना मारलं, हे तुम्ही वाचलं असेल. आमच्याकडं परसात शेवटपर्यंत उभी राहिली ती अंबाडी. दुष्काळी कामावर खडी फोडून आय यायची, सुकडी आणायची, अमेरिकेचा लाल मिलो आणायची. त्या मिलोची भाकरी थापताना तुटायची. तिच्यासंगं अंबाडी. आता पाककृती म्हणतात तशी सांगतो, कारण आमच्या पोरींना ती येत नाही. पाला उकळायचा, आंबट पाणी पिळून काढायचं. मग मूठभर तुरीची डाळ आणि ज्वारीच्या कण्या घालून शिजवायचं, घोटायचं. वर लसूण आणि वाळल्या मिरचीची फोडणी. तेल नसलं तर? तर फोडणी नाही, नुसता लसूण ठेचून. दुष्काळात आम्ही ती बिनतेलाचीच खाल्ली. आज एखाद्या हॉटेलात तीच 'गावाकडची थाळी' म्हणून खपते. चव चांगली असेल. पण ती थाळी खाणाऱ्याच्या जिभेवर खडी नसते.

म्हणून मी आमच्या जेवणाचे गोडवे गात नाही. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' हे पुस्तक २०१५ साली लिहिलं, तेव्हा आमच्या घरातलं ताट पहिल्यांदा छापलेलं पाहिलं. वाचून आनंद झाला आणि रागही आला. आम्ही जे खाल्लं ते आवडीनं कमी, नाइलाजानं जास्त. तरी ते शिजवण्यात अक्कल होती, आणि ती अक्कल आयांची होती.

१९७३ ला मुंबईला आलो. पूर्व उपनगरात नाल्याकाठी झोपडं. चाळीस घरांना एक नळ. आयनं तेलाचे रिकामे पत्र्याचे डबे मिळवले, बुडाला खिळ्यानं भोकं पाडली, मिरची लावली. नाल्याची माती फुकट होती, काळी, सुपीक दिसायची. तिनं ती घेतली नाही. तुम्हीही घेऊ नका. रुळाकडेला रेल्वेच्या 'अधिक धान्य पिकवा' योजनेतल्या जमिनीवर पालक-माठ पिकायचा, पाणी पुष्कळदा नाल्याचं. पालेभाजी जमिनीतलं शिसं, कॅडमियम ओढून घेते, धुतलं तरी जात नाही. तो पालक कोण खात होतं? ज्याला स्वस्त हवा तो. म्हणजे पुन्हा आपणच.

२००९ ला झोपडं गेलं, इमारत आली. सातवा मजला, २२५ चौरस फूट. खिडकीत ऊन दोन तास. आयनं डबे गच्चीत न्यायचे ठरवले, तर गच्चीला कुलूप! आणि चावी कुणाकडं? पाटलाकडं नाही. आपल्याच कमिटीतल्या आपल्याच माणसाकडं, कंबरेला. म्हणे गळती होईल, डास होतील, 'गावंढळपणा' होईल. हा शेवटचा शब्द मला लागला. ज्यानं तो वापरला, त्याची आई माझ्या आयबरोबर एका नळावर भांडत होती. मी दीड वर्ष अर्ज केले. आय ऐंशीची. ती एके दिवशी काठी टेकत त्याच्या दारात जाऊन बसली. बोलली काही नाही. नुसती बसली. दुपारी त्यानं चावी दिली. सकाळी एक तास आणि रविवार, या अटीवर.

विटांवर क्रेट ठेवले म्हणजे खाली पाणी साचत नाही, गळतीचं कारण संपलं. आत जुनी गोणी, मग एक भाग माती, एक भाग शेणखत, एक भाग नारळाचा भुसा. मेथी पंचविसेक दिवसांत येते, तिथून सुरुवात करा, धीर सुटत नाही. वांग्याला रोप करून लावा. मिरचीची पानं मुरडली तर चुरडामुरडा समजा आणि ते रोप उपटा, माया करू नका. आमचा दुधी फुलायचा, पण फळ गळायचं. सातव्या मजल्यावर पतंग-माशी फारशी येईना. आठवीतल्या पोरीनं वहीतला धडा आठवून संध्याकाळी उमललेलं नर फूल तोडलं आणि मादी फुलावर, जिच्यामागं इवलासा दुधी असतो तिच्यावर, घासलं. फळ धरलं. आय तिला 'डॉक्टरीण' म्हणायला लागली.

मी हिशेब ठेवला. पहिल्या तीन महिन्यांत चार घरांत मिळून १९ किलो भाजी. आठवड्याला दीड किलो. यानं पोट भरत नाही. कुणी गच्चीवर क्रांती उगवते म्हणालं तर त्याला गच्चीवरून खाली आणा. गावाकडं गायरानाची लढाई बाकी आहे, ती क्रेटमध्ये मावत नाही. पण कुलपाची चावी कुणाकडं आहे हे मला त्या दीड किलोनं दाखवलं.

पहिल्या दुधीवर भांडण झालं, कुणाच्या घरी शिजवायचा. आयनं तो शिजवू दिला नाही. वेलावर वाळवला. मी चिडलो, पोरं चिडली. त्याच पावसाळ्यात ती गेली. बी वाळल्यावर मी काढलं, राख नव्हती म्हणून उदबत्तीची राख घेतली, औषधाच्या बाटलीत भरलं. तेव्हापासून दरसाली पहिलं फळ वाळवतो.

ती बाटली इथं आणली आहे. दुधी आणि अंबाडी दोन्ही आहेत. अंबाडी पहिल्या पावसात टाका. पुड्या तीसच बांधल्यात आणि तुम्ही जास्त आहात, तेव्हा एका इमारतीला एक. ज्यांच्या गच्चीला कुलूप आहे त्यांनी आधी घ्या.