हिमनदीच्या पोटात दडलेले संकट
(वाशिम येथील व्याख्यानाचा मजकूर)



उन्हाळ्याच्या तोंडावर आठवडी बाजारात माठ घेणारी गृहिणी तो नुसता पाहून घेत नाही. ती बोटाच्या पेराने त्यावर टकटक करते आणि कान देते. आवाज खणखणीत आला तर माठ पक्का, बद्द आला तर कुठेतरी चीर आहे. डोळ्यांना न दिसणारी चीर कानाला कळते. हिमालयातील किंवा आल्प्स पर्वतातील हिमनदीच्या पोटात काय दडले आहे, हे जाणण्यासाठी शास्त्रज्ञ जी युक्ती योजतात, तिचे तत्त्व याहून फार वेगळे नाही.

वाशिम जिल्ह्याचा आणि हिमनद्यांचा काय संबंध, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. पैनगंगा, काटेपूर्णा, अडाण या येथील नद्या केवळ पावसाच्या पाण्यावर वाहतात. बर्फाचा एक थेंबही त्यांना मिळत नाही. तथापि संबंध आहे, आणि तो माणसांचा आहे. विदर्भातील शेतकरी कुटुंबे चारधाम यात्रेला जातात. महाराष्ट्राचे जवान सियाचीनच्या बर्फावर पहारा देतात. जून २०१३ मध्ये केदारनाथवर कोसळलेल्या आपत्तीत देशभरातील हजारो माणसे दगावली. त्या यात्रेत महाराष्ट्रातीलही अनेकजण होते. १७ जूनच्या सकाळी देवस्थानाच्या वर असलेल्या चोराबारी सरोवराचा दगडमातीचा नैसर्गिक बांध फुटला आणि आधीच अतिवृष्टीने गांजलेल्या केदारपुरीवर पाण्याचा लोंढा आला. ज्या घरची माणसे परतली नाहीत, त्या घराला हिमनदी दूरची कशी म्हणता येईल?

दडलेले धोके

हिमनदी म्हणजे केवळ गोठलेले पाणी नव्हे. तो स्वतःच्या भाराने उताराकडे हळूहळू सरकणारा बर्फाचा प्रचंड प्रवाह होय. या सरकण्यामुळे बर्फाला खोल भेगा पडतात आणि ताज्या हिमाचा पातळ थर त्यांची तोंडे झाकून टाकतो. वरून पाहणाऱ्याला ते सपाट मैदान वाटते. पाऊल पडताच माणूस खाली जातो. दुसरा धोका पाण्याचा. वितळलेले पाणी बर्फाच्या आत पोकळ्यांतून साठते आणि एके दिवशी भिंत फोडून बाहेर पडते. तिसरा धोका हिमोढांचा, म्हणजे हिमनदीने वाहून आणलेल्या दगडमातीच्या ढिगांचा. त्यांच्यामागे सरोवरे तुंबतात. परंतु त्या बांधांत बर्फ दडलेला असेल, तर तो विरघळताच बांध खचतो.

रडार कसे पाहते?

रडारचे यंत्र रेडिओ तरंगांचा एक सूक्ष्म स्पंद बर्फात सोडते. कोरड्या बर्फातून हे तरंग सेकंदाला सुमारे १ लाख ६८ हजार किलोमीटर वेगाने जातात. वाटेत खडक, पोकळी किंवा पाणी लागले की त्यांचा काही भाग परततो. परतण्यास लागलेला वेळ मोजला की खोली कळते: प्रतिध्वनी सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात परत आला, तर अडथळा सुमारे ८४ मीटर खोल आहे असे समजावे. पाण्याचे विद्युत्‌गुणधर्म बर्फापेक्षा अगदी भिन्न असल्यामुळे पाण्यावरून येणारा प्रतिध्वनी विशेष ठळक असतो. यंत्र घसरगाडीवरून ओढत किंवा हेलिकॉप्टरला टांगून नेले, की अशा असंख्य प्रतिध्वनींतून हिमनदीचा उभा छेद कागदावर उमटतो.

एका गावाची गोष्ट

या विद्येचे मोल फ्रान्समधील एका उदाहरणावरून ध्यानात येते. मों ब्लां पर्वतावर तेत रूस नावाची लहानशी हिमनदी आहे. १८९२ सालच्या जुलै महिन्यात एका रात्री तिच्या पोटात साठलेले पाणी अकस्मात फुटले आणि खालच्या सें जेर्वे भागातील सुमारे १७५ माणसे मृत्युमुखी पडली. वर कोणतेही सरोवर दिसत नव्हते. त्यामुळे कोणालाही पूर्वसूचना मिळाली नाही. पुढे पाण्याला वाट देण्यासाठी तेथे बोगदा खोदण्यात आला. शंभर वर्षे शांततेत गेली. या बोगद्याची देखभाल आता आवश्यक आहे काय, अशी विचारणा अधिकाऱ्यांनी शास्त्रज्ञांकडे केली. २००७ पासून रडारने पाहणी झाली, त्यानंतर चुंबकीय अनुनादाच्या पद्धतीने पडताळणी झाली, आणि उत्तर आले ते थरकाप उडवणारे होते: बर्फाच्या आत सुमारे ५५ हजार घनमीटर पाणी दबून होते. खाली सुमारे तीन हजार लोकांची वस्ती होती. २०१० च्या उन्हाळ्यात बर्फाला छिद्रे पाडून बहुतांश पाणी उपसण्यात आले आणि दरीत धोक्याच्या सूचनेची यंत्रणा बसविण्यात आली. हिमनदी तीच, गाव तेच; या वेळी मात्र कोणाचाही बळी गेला नाही.

भारतातील प्रयत्न

३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचीनमधील सोनम चौकीवर हिमकडा कोसळून दहा जवान गाडले गेले. त्यांत सातारा जिल्ह्याचाही एक सुपुत्र होता. शोधपथकाने बर्फाच्या आत खोलवर पाहणारी रडार यंत्रे आणि प्रशिक्षित श्वान यांच्या साहाय्याने शोध केला. सहाव्या दिवशी धारवाड जिल्ह्यातील लान्सनायक हनुमंतप्पा जिवंत सापडले. दुर्दैवाने ११ फेब्रुवारीस त्यांची प्राणज्योत मालवली. त्याच वर्षी गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय संशोधन संस्थेने हिमाचल प्रदेशातील स्पिती भागात सुमारे १३,५०० फूट उंचीवर ‘हिमांश’ हे केंद्र उघडले. हिमनद्यांच्या अभ्यासासाठी तेथे अन्य उपकरणांबरोबर भूभेदी रडारचीही सोय करण्यात आली.

आकाशातील रडारचे कार्य निराळे आहे. ते बर्फाच्या पोटात शिरत नाही, परंतु ढग आणि अंधार यांची त्याला अडचण नसते. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीममधील दक्षिण ल्होनक सरोवर फुटले आणि तिस्ता नदीवरील चुंगथांगचे धरण वाहून गेले. सरोवराचे क्षेत्र २८ सप्टेंबरला सुमारे १६७ हेक्टर होते, ते ४ ऑक्टोबरला ६० हेक्टर उरले, हे उपग्रहांच्या रडारचित्रांवरून समजले. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने २०२४ मध्ये जाहीर केल्याप्रमाणे, हिमालयीन नद्यांच्या खोऱ्यांतील दहा हेक्टरांहून मोठ्या २,४३१ सरोवरांपैकी ६७६ सरोवरे १९८४ पासून लक्षणीय विस्तारली असून त्यांपैकी १३० भारतात आहेत. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटा येथून ‘निसार’ हा भारत व अमेरिका यांचा संयुक्त रडार उपग्रह प्रक्षेपित झाला. दर बारा दिवसांनी त्याच भूभागावर परतून जमिनीची व बर्फाची अत्यल्प हालचाल मोजावी, अशी त्याची योजना आहे. शेतजमिनीतील ओलावा मोजणे हेही त्याच्या कार्यात मोडते. म्हणजे हिमशिखरांवर नजर ठेवणारे हे यंत्र सोयाबीन आणि तुरीच्या शेतालाही उपयोगी पडू शकेल.

यंत्राची मर्यादा, माणसाचे कर्तव्य

तथापि रडार म्हणजे सर्वज्ञ नव्हे. पाण्याने चिंब झालेल्या बर्फात त्याचे तरंग विखुरतात आणि चित्र धूसर होते. म्हणूनच तेत रूस येथे दुसऱ्या पद्धतीची जोड द्यावी लागली. शिवाय दक्षिण ल्होनक धोकादायक आहे, हे शास्त्रज्ञांनी बरीच वर्षे आधी सांगितले होते. धोका कळणे आणि धोका टळणे यांत मोठे अंतर असते. ते अंतर उपाययोजनेने आणि लोकांच्या सहकार्यानेच भरून निघते.

काळ्या पाषाणाखालील पाण्याचा शोध वाशिम जिल्ह्याला नवा नाही. एके काळी गावोगाव पाणाड्यावर विश्वास ठेवून विहिरी खोदल्या जात. पुढे भूजल सर्वेक्षण यंत्रणेचे शास्त्रज्ञ जमिनीत विद्युत्‌प्रवाह सोडून खडकाची परीक्षा करू लागले. येथे दडलेले पाणी जीवन देते, तेथे दडलेले पाणी जीवन हिरावून घेते. दोन्हीकडे अंदाजापेक्षा मोजमाप अधिक भरवशाचे. यात्रेला निघालेल्या कुटुंबाने हवामानाचा इशारा मिळताच मुक्काम लांबवावा, दर्शन एक दिवस उशिरा घ्यावे. माठ वाजवून घेणाऱ्या माणसाने, तो बद्द वाजल्यावर, त्यात पाणी भरू नये, एवढेच त्याचे तात्पर्य.