मोठे शब्द आणि त्यांची मर्यादा

(संस्थेच्या ठाकुर्ली येथील वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी आपल्यापुढे काही शब्द ठेवणार आहे. हुकूम, कायदा, फतवा, सरकार, साहेब, मालक, सार्वभौम. हे शब्द कानी पडताच साधा माणूस हात जोडतो आणि विचारायचा प्रश्न विसरून जातो. धर्मात, न्यायात आणि राज्यकारभारात सर्वोच्च अधिकार सांगणारे हे शब्द आहेत. त्यांच्यापुढे मान तुकवण्याआधी त्यांचा अर्थ समजून घ्यावा, एवढेच माझे सांगणे आहे.

गंमत अशी की, यांतील काही शब्द मुळात दरारा दाखवणारे नव्हतेच. 'साहेब' या अरबी शब्दाचा मूळ अर्थ सोबती. पैगंबरांच्या (स.) सोबत्यांना आपण 'सहाबा' म्हणतो, तो शब्द याच धातूचा. 'वकील' म्हणजे ज्याच्यावर काम सोपवले तो. 'कायदा' म्हणजे पाया. म्हणूनच मकतबात लहान मुलाच्या हाती जे पहिले पुस्तक येते त्याचे नावही कायदाच, आणि कल्याणच्या न्यायालयात वकील ज्याचा आधार घेतात तोही कायदाच. आपल्या स्टेशनच्या नावात ज्याची अक्षरे दिसतात तो 'ठाकूर' हा शब्दही पाहा. उत्तर हिंदुस्थानात तो देवालाही लावतात आणि जमीनदारालाही. देवाचा शब्द माणसाला लावण्याची माणसाची सवय जुनी आहे.

या सवयीला आपल्या धर्माने लगाम घातला आहे. सूरह फातिहात 'मालिक' हा शब्द आपण प्रत्येक नमाजात उच्चारतो, तो अल्लाहसाठी. स्वतःस राजांचा राजा म्हणवून घेणाऱ्याचे नाव अल्लाहजवळ सर्वांत हीन ठरते, अशा आशयाची हदीस सहीह बुखारीत आहे. तरीही कित्येक बादशहांनी 'शहेनशाह' ही पदवी मिरवली. पुढे इंग्रजांनीही तेच केले. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीच्या दरबारात व्हिक्टोरिया राणी 'कैसर-इ-हिंद' झाली. रोमच्या सीझरचे नाव अरबी-फारसीतून फिरून हिंदुस्थानच्या गादीवर येऊन बसले.

महाराष्ट्रात शब्द आणि सत्ता यांचे नाते शिवाजी महाराजांनी अचूक ओळखले होते. १६७४ साली राज्याभिषेक झाला तेव्हा प्रधानांची फारसी पदनामे बदलली. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, डबीराचा सुमंत आणि सरनौबताचा सेनापती. महाराजांच्या आज्ञेने रघुनाथ पंडितांनी 'राज्यव्यवहारकोश' रचला. नवे राज्य स्वतःच्या शब्दांत बोलू लागले. पण भाषेचा संसार एका आज्ञेने बदलत नाही. पुढच्या शतकात मराठी राज्याचा कारभार ज्यांच्या हाती गेला ते 'पेशवे' म्हणूनच ओळखले गेले, आणि तो शब्द फारसी! आज मंत्रालयात सचिव बसतात आणि तहसील कचेरीत अर्ज स्वीकारले जातात. दोन्ही घराण्यांचे शब्द मराठीच्या एकाच छपराखाली नांदत आहेत. हे आपल्या मुलांनी अभिमानाने सांगावे.

आता ज्या शब्दाने सर्वांत अधिक गैरसमज होतो त्याकडे वळतो. तो शब्द 'फतवा'. एखाद्या पुढाऱ्याने मनमानी आदेश दिला की वर्तमानपत्रे 'फतवा काढला' असे छापतात. वास्तविक फतवा म्हणजे हुकूम नव्हे. कोणी प्रश्न विचारला असता मुफ्तीने आपल्या ज्ञानानुसार दिलेले मत म्हणजे फतवा. निवाडा करणे हे काझीचे काम, आणि त्यासाठी राज्यसत्तेने त्याला अधिकार दिलेला असावा लागतो. आपल्या देशात १८८० च्या काझी कायद्याने काझीच्या नेमणुकीची तरतूद झाली, परंतु त्या कायद्याने त्याला न्यायदानाचा अथवा कारभाराचा कोणताही अधिकार दिला नाही. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, फतव्याला कायद्याचे बळ नाही आणि तो कोणावर लादता येत नाही. फतवा देण्यास मात्र न्यायालयाने बंदी केली नाही. ज्याने विचारलेच नाही अशा माणसाच्या हक्कांविषयी परस्पर मत देऊ नये, असेही बजावले.

माता-भगिनींनो, ही गोष्ट विशेष करून तुमच्यासाठी सांगितली. आलिमांचा आदर जरूर करावा, सल्लाही घ्यावा. पण मुलीचे शिक्षण, निकाह किंवा वारसा यांबाबत कोणी 'हुकूम आहे' असे म्हटले, तर हे मत आहे की निवाडा, आणि तो देण्याचा अधिकार कोणाचा, हे अदबीने विचारावे. विचारणे म्हणजे बेअदबी नव्हे.

सरकारी कचेरीतही तोच नियम. 'मायबाप सरकार' म्हणून दारात उभे राहण्याचे दिवस गेले. 'सार्वभौम' म्हणजे एके काळी सर्व भूमीचा राजा. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारलेल्या संविधानाने हा शब्द एका राजाकडून काढून भारताच्या गणराज्याला दिला, आणि ते संविधान देणारे कोण, तर या देशाचे लोक. म्हणजे आपणही. मुलाच्या शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला हवा असेल, तर २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाप्रमाणे तो किती दिवसांत द्यायचा हे ठरलेले असते, तो देणारा अधिकारी ठरलेला असतो, आणि वेळेत न मिळाल्यास अपील करता येते. अर्जाची पोच घ्या, तारीख लिहून ठेवा. साहेबांना सलाम करा. पण साहेब हा कायद्याने काम सोपवलेला माणूस आहे, हे विसरू नका.

विद्यार्थी मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी वकील होईल, कोणी तहसीलदार, कोणी आलिम. तेव्हा हेच मोठे शब्द तुमच्या नावापुढे लागतील. हा अधिकार मला कोणी दिला आणि तो कुठवर चालतो, हे दोन प्रश्न त्या दिवशी स्वतःलाच विचारा. अमर्याद अधिकार एका अल्लाहचा. बाकी साऱ्यांचा अधिकार ही अमानत आहे, आणि अमानतीचा हिशेब द्यावा लागतो.