मृत्युपत्राचा कारभारी
(परभणी येथील ज्ञातिमेळाव्यातील भाषण)



मृत्युपत्राचा कारभारी चुलता किंवा मामाच असला म्हणजे त्यास हिशेब विचारणे आम्हांस अमर्यादा वाटते; कुजबूज मात्र लग्नकार्यांतही थांबत नाही. लोकमान्य टिळकांसही संशय चुकला नाही. १८९७ साली स्नेही बाबामहाराज वारले व मृत्युपत्राने कारभार टिळकांवर आला. १९०१ साली औरंगाबादेस (तीही तेव्हा परभणीप्रमाणे निजामी अंमलात) झालेल्या दत्तविधानावरून बाबामहाराजांच्या पत्नी ताईमहाराज यांच्याशी तंटा पेटला. १९०३ साली खोट्या साक्षीबद्दल शिक्षा, १९०४ साली हायकोर्टातून सुटका. आणि दत्तक कायम ठरला तो १९१५ साली, प्रिव्ही कौन्सिलात!

१९२५ च्या वारसा कायद्यान्वये प्रोबेट घेणाऱ्याने सहा महिन्यांत मिळकतीची यादी व वर्षात हिशेब कोर्टात द्यावयाचा असतो. आपल्याकडे प्रोबेट क्वचितच घेतले जाते. मग हे कागद जन्मासच येत नाहीत. सातबारावर नाव चढते, दागिन्यांचे काय झाले ते कोणी विचारीत नाही.

आमची विनंती एवढीच, की तेराव्यानंतर महिन्याभरात कारभाऱ्याने चार वडीलधाऱ्यांसमोर यादी वाचावी व विधवा भावजयीस तिची नक्कल द्यावी. टाळाटाळ झाल्यास हिशेबाचा दावा दिवाणी कोर्टात लावता येतो; अफरातफरीचे नुकसान कारभाऱ्यास पदरचे भरावे लागते.