शिस्त आणि धाक
(बडोदे येथील पालक मेळाव्यात केलेले भाषण)



छडीवाचून विद्या नाही, हा समज आपल्या घरांतून अजून पुरता मावळलेला नाही. पण धाकाने मूल सुधारत नाही. ते लपवायला शिकते. फुटलेली बरणी पलंगाखाली जाते, आणि खोटे बोलण्याचा पहिला धडा आपणच दिलेला असतो.

याच गुजरातेत, भावनगरला, १९२० साली गिजुभाई बधेका यांनी बालमंदिर काढले. आपल्या ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या आणि १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला. तेथे मारास थारा नव्हता. मुलांच्या हातांना काम होते. पुढे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेतील मारास बंदी केली. घरातली बंदी मात्र आपणच घालावयाची आहे.

मग नुसते लाड करावेत काय? मुळीच नव्हे. तीन वर्षांच्या मुलाने पाणी सांडले, तर त्याच्या हाती फडके द्यावे. 'पळू नको' म्हणण्यापेक्षा 'हळू चाल' म्हणावे. खेळ आवरायचा असेल, तर थोडे आधी सांगावे. आईने नाही म्हटलेला लाडू आजोबांनी गुपचूप देऊ नये. नियम थोडे असावेत, पण साऱ्या घराचे एकच असावेत. चूक चारचौघांत उगाळू नये. चांगले वागणे मात्र तेव्हाच बोलून दाखवावे.

चूक झाल्यावर मूल आपण होऊन सांगायला आले, की शिस्त रुजली असे समजावे.