घरच्या माणसाचे मन आजारी पडते तेव्हा



कपाशीवर लाल्या आला की कास्तकाराला बांधावरूनच कळते. पण एका छपराखाली राहणाऱ्या नवऱ्याचा किंवा बायकोचा जीव कोमेजत चालला, तर ते ध्यानात यायला कधी कधी महिने जातात.

दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर या पट्ट्यातले कोणतेही घर घ्या. घरधनी पहाटे तीनलाच उठून ओट्यावर बसून राहतो. दर पोळ्याला हौसेने बैल सजवणारा माणूस, यंदा त्याने झूलसुद्धा बाहेर काढली नाही. भाजीवरून चिडतो, पोरांच्या अंगावर धावून जातो. काय झाले म्हणून विचारावे, तर एकच उत्तर, “काई नाही झालं मले.” बायकोला वाटते, आपल्यावरचे मन उडाले. सासू म्हणते, बाहेरचे काही लागले. शेजारी आळशी म्हणून मोकळे होतात. तिघांचाही अंदाज चुकतो. हा नैराश्याचा आजार असू शकतो.

बायकांचे ओळखणे तर आणखी कठीण. डोके दुखते, हातपाय गळून जातात, एवढेच ती सांगते. चूल वेळेवर पेटते, म्हणून नवरा निर्धास्त! आणि शिक्षक मंडळी, पगाराच्या घरालाही यातून सूट नाही. हजेरीपट चोख भरणारे गुरुजीही आतून खचलेले असू शकतात.

दोन आठवडे, जवळजवळ रोज, मन उदास राहिले किंवा कशातच गोडी उरली नाही. सोबत झोप, भूक, उमेद ढासळली, तर डॉक्टरला दाखवावे. नापिकी आणि कर्ज ही कारणे खरीच आहेत. पण कर्ज फिटले म्हणजे झोप परत येईलच, असे नाही.

अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा उपक्रम दीड वर्ष चालला. गावपातळीवर लोकांना हा आजार समजावून सांगितला, समुपदेशनाची सोय केली. २०१७ साली निष्कर्ष छापून आले. आधी अशा शंभर आजाऱ्यांपैकी जेमतेम चार जण उपचाराला जात. नंतर सत्तावीस जाऊ लागले. म्हणजे, समजले की माणसे जातात.

“मन घट्ट करा” म्हणू नये. मन घट्ट होत नाही हाच तर आजार आहे. “तुमाले झोप नाही येत, मी पाहून राह्यली,” एवढे म्हणावे आणि गप्प बसून ऐकावे. जीव द्यावासा वाटतो काय, हेही सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही. उत्तर ‘हो’ आले, तर एकटे सोडू नये, फवारणीचे औषध घरातून हलवावे आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. १४४१६ हा ‘टेलिमानस’चा सरकारी फोन २०२२ पासून आहे, रात्रंदिवस, फुकट, मराठीतही बोलता येते.

अमरावतीला जिल्हा रुग्णालय, अकोल्याला सर्वोपचार. गोळ्या दिल्या तर गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. आठ दिवसांत फरक नाही म्हणून त्या बंद करू नयेत. नशेसारखी त्यांची चटक लागत नाही. मात्र थांबवायच्या त्या डॉक्टरला विचारूनच.

माणूस यायला तयार नसेल, तर “झोपेचं तेवढं दाखवून येऊ” म्हणून न्यावे. स्वतः सोबत आत बसावे. डॉक्टर विचारतील, हे कधीपासून? आजारी माणूस म्हणेल, आठवत नाही. तेव्हा तुम्ही सांगायचे, पोळ्यापासून.